बोक्याने दूध प्यावे की नाही

काचेचे भांडे स्टेजवर ठेवून मावशी विंगेतून मागच्या खोलीत आली. पातेल्यात उरलेले दूध ठेवायला तिने फ्रिजचे दार उघडले, आणि आत दिवा लागला नाही.

तिने दार लावून पुन्हा उघडले. दिवा नाहीच. आत हात घातला, तर जुन्या कपाटात घातल्यासारखे वाटले. मागे वाकून पाहते तो फ्रिजची वायर जमिनीवर मरगळून पडलेली, आणि तिच्या जागी प्लगमध्ये इस्त्रीची वायर. त्या वायरच्या दुसऱ्या टोकाला कपडेपटवाले काका बसले होते आणि मन लावून एका उंदराच्या शेपटीला इस्त्री करत होते.

"काका, फ्रिजचा प्लग कोणी काढला?"

"मी."

"कधी?"

"सकाळचा प्रयोग संपल्यावर. शेपट्या पार चुरगळल्या होत्या." काकांनी शेपटी उलटी करून दुसऱ्या बाजूने घेतली. "एकच प्लग आहे मेला या खोलीत. का गं?"

मावशीने पातेले नाकाशी नेले, खाली घेतले, पुन्हा नेले. ती पातेल्याकडे पाहत राहिली. बाहेर ऊन रणरणत होते, मागच्या खोलीला खिडकी म्हणून नव्हती, आणि हेच पातेले तिने आत्ताच, घाईत दिव्याकडे न बघता, फ्रिजमधून काढून काचेच्या भांड्यात काठोकाठ दूध ओतले होते. भांडे आता स्टेजच्या मधोमध, पिवळ्या दिव्याखाली होते. पडदा वर गेलेला होता.

मावशी या बालनाट्याची प्रॉपर्टी सांभाळायची. प्रॉपर्टी म्हणजे जमीनजुमला नव्हे. स्टेजवर लागणारी प्रत्येक वस्तू, मग ती राणीचा आरसा असो की खोटा दगड, वेळेवर आणि जागेवर ठेवणे हे तिचे काम. इतक्या वर्षांत तिने कधी छत्रीच्या जागी काठी ठेवली नव्हती की टोपीच्या जागी टोपली. स्टेजवर मात्र ती दिव्यांच्या उजेडात एकदाही गेली नव्हती. तिचा सगळा संसार अंधारातला.

आता हे दूध कोणासाठी, ते सांगायला हवे. नाटकात एक म्हातारा बोका होता. उंदरांनी मांजराचे एक पिल्लू पळवून कोठीघरात कोंडून ठेवलेले असते. कोठीघराचे दार जड. बोका थकलेला. मग तो भांडेभर दूध एका दमात पितो, अंगात ताकद येते, दार उघडतो आणि पिल्लू सोडवतो. गोष्ट एवढीच, पण ती पाहायला पोरे आईबापांना ओढत आणायची. आणि त्याचे कारण म्हणजे बोक्याचे काम करणारे सर.

सर पूर्वी शाळेत शिकवायचे. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून बोका झाले. सुरुवातीला दूध म्हणून पाण्यात पांढरा रंग कालवून ठेवला होता आणि सर पिण्याचे सोंग करायचे. एका प्रयोगाला पहिल्या रांगेतला मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "ते दूध नाहीये. आणि तुम्ही पीत पण नाहीये." सर त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिग्दर्शकबाईंना सांगितले, "भांडं काचेचं हवं, दूध खरं हवं, आणि मी ते खरं पिणार. दूध उतरताना पोरांना दिसलं पाहिजे." तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाला सर दूध खरोखर पीत आले होते, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत.

हीच तर पंचाईत होती. दुसरा कोणी असता तर वास आल्याबरोबर ओठ लावल्यासारखे करून मोकळा झाला असता. सर मुलांसमोर तसे करणार नाहीत, हे मावशीला स्वतःच्या नावाइतके पक्के ठाऊक होते. त्यातच सर नुकतेच पोटाच्या मोठ्या दुखण्यातून उठलेले. दवाखान्यातून आल्यावर पहिल्या प्रयोगाला त्यांच्या पत्नी स्वतः सोडायला आल्या होत्या आणि मावशीचा हात धरून म्हणाल्या होत्या, "माझं ते ऐकत नाहीत. तिथं तुम्ही बघा हो त्यांच्याकडे."

मावशी बघत होती ती अशी.

"काका, याचा वास घ्या जरा," तिने पातेले पुढे केले.

काकांनी नाक घातले. "इस्त्रीचा येतोय."

"दुधाला इस्त्रीचा वास कसा येईल?"

"मला सगळ्यालाच येतो. जेवणालापण येतो. किती वर्षं झाली."

एवढ्यात दिग्दर्शकबाई आल्या. काय झाले ते ऐकून त्यांनी काकांकडे एक नजर टाकली. त्या नजरेत तीन अंकी नाटक होते, पण बोलायला वेळ नव्हता. त्यांनी पातेले नाकाशी नेले. "चांगलं आहे." मग पुन्हा नेले. "नाही गं. जरा... नाही, चांगलं आहे. मावशी, तू घे."

मावशीने एवढ्या वेळात इतक्यांदा वास घेतला होता की आता तिला वासाचा अर्थच कळेना. "बाई, आहेही आणि नाहीही."

उंदरांचा सरदार आपल्या प्रवेशाची वाट पाहत तिथेच मिशा चिकटवत उभा होता. एरवी तो दातांचा डॉक्टर. बाईंना एकदम आठवण झाली. "डॉक्टर, तुम्ही सांगा ना. हे प्यायलं तर काय होईल?"

सरदाराने पातेल्यात डोकावून गंभीरपणे विचार केला. "दातांना काही होणार नाही," तो म्हणाला.

"तापवून बघू," मावशी म्हणाली. "नासलं असेल तर तापल्यावर फाटेल. माझी आई तसंच बघायची."

कल्पना उत्तम होती, फक्त तिथे शेगडी नव्हती. चहासुद्धा बाहेरून यायचा. तेव्हा काकांनी, ज्यांच्यामुळे हे सगळे घडले होते, आपली इस्त्री उलटी केली. मुठीला दोन्ही बाजूंनी उंदरांची जाकिटे लावली, इस्त्री पालथी बसवली आणि तिच्या तापलेल्या तळाकडे बोट दाखवले. "शेगडी."

समोर घसा शेकायचे सामान पडले होते. तिथला एक चमचा घेऊन मावशीने त्यात दूध घेतले आणि इस्त्रीवर धरले. दूध हलले, कडेने फेसाळले, उकळले. एक कणसुद्धा फाटला नाही. गुळगुळीत, पांढरेशुभ्र.

चौघांनी एकदम श्वास सोडला.

"पुन्हा एकदा बघ," बाई म्हणाल्या. त्या तालमीतही एकदा बरोबर आलेले वाक्य पुन्हा म्हणायला लावायच्या. "एकदा जमलं ते योगायोगानं असू शकतं."

मावशीने दुसरा चमचा घेतला. या खेपेला दूध गरम होते न होते तोच त्याचे दाणे दाणे झाले आणि मधून फिकट पाणी सुटले.

"आता?" काका म्हणाले.

मावशीने दोन्ही चमचे हुंगले. दुसऱ्याला लिंबाचा वास होता. पिल्लाचे काम करणारी मुलगी गाण्याआधी गरम पाण्यात लिंबू पिळून घ्यायची, हा तिचा चमचा. म्हणजे दूध दुधाने फाटले की लिंबाने, ते सांगता येईना.

"पण पहिला तर चांगला निघाला ना," बाई म्हणाल्या. "पहिला धरू आपण."

उंदरांचा सरदार खाकरला. "पहिल्यात सोडा होता. मी गुळण्यांसाठी घेतला होता." मग डॉक्टर असल्याचे आठवून त्याने समजावले, "सोडा आंबटपणा मारतो. दूध थोडं आंबलेलं असलं तरी सोड्यात फाटायचं नाही."

म्हणजे एका चमच्याने दुधाची बाजू घेतली होती आणि दुसऱ्याने त्याच्यावर आळ घेतला होता, आणि दोघेही साक्षीला उभे करण्याच्या लायकीचे नव्हते. स्वच्छ चमचा हवा. नळ थिएटरच्या पार दुसऱ्या टोकाला. काका चमचा घेऊन धावले. धावणे हा काकांचा पिंड नव्हे, पण धावले.

मावशी विंगेत गेली. स्टेजवर सर आपले गाणे संपवत होते. गाण्यानंतर उंदरांच्या सरदाराशी थोडी बाचाबाची, आणि त्यानंतर दूध. बोक्याचा मुखवटा नाकापर्यंतच होता, पण त्याचे कान घट्ट होते, त्यामुळे विंगेतले दबक्या आवाजातले काहीही सरांना ऐकू यायचे नाही. मावशीने दोन्ही हात हलवून "नको, नको" अशी खूण केली. सरांची नजर तिच्यावर पडली. इतक्या वर्षांत मावशीने त्यांना विंगेतून कधी हात केला नव्हता. त्यांना फार बरे वाटले. त्यांनीही पंजा वर करून तिला हात केला.

"डॉक्टर," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुमची एन्ट्री आहे. तुम्हीच सांगा त्यांना. कसंही करून सांगा."

सरदार टुणकन उडी मारून स्टेजवर गेला. ठरलेली वाक्ये सोडून तो सरळ मुद्द्यावर आला. "बोकोबा, ते दूध पिऊ नका."

सरांचे डोळे चमकले. गडी आज रंगात आहे, असे त्यांना वाटले. "का रे? घाबरलास?"

"घाबरलो नाही. खरंच सांगतो. ते चांगलं नाहीये."

"असं?" सर प्रेक्षकांकडे वळले. "उंदीर म्हणतोय, बोक्यानं दूध पिऊ नये. काय करू?"

"प्या!" सगळे थिएटर एका आवाजात म्हणाले.

"नका हो पिऊ," सरदाराने हात जोडले. त्याच्या कपाळावर खरा घाम होता. "तुमच्या पोटाला बाधेल."

"माझ्या पोटाची काळजी उंदराला," सर म्हणाले, आणि पोरे हसून हसून खुर्च्यांवरून घसरली. बिचारा डॉक्टर जितके कळवळून सांगत होता तितका तो लबाड दिसत होता. उंदराने बोक्याला दूध पिऊ नको म्हणावे आणि कोणी त्यावर विश्वास ठेवावा, हे होणे शक्यच नव्हते. शेवटी तो शेपटी सांभाळत एका कोपऱ्यात जाऊन बसला. सरांनी भांडे दोन्ही पंजांत उचलले.

मावशीला पुढचे सगळे एका क्षणात दिसले. सरांच्या पत्नींचा हात, दवाखान्याचा जिना, सगळे. ती कोठीघराच्या रंगवलेल्या भिंतीमागे धावली. तिथे एका स्टुलावर बांधलेले पिल्लू झरोक्यातून तोंड काढायची वाट पाहत बसले होते. मावशी पिल्लाच्या कानात काहीतरी बोलली. पिल्लाने झरोक्यातून डोके बाहेर काढले.

"बोकोबा, थांबा. दूध पिऊ नका. ते सकाळपासून बाहेर राहिलंय."

भांडे ओठांपाशी थांबले.

उंदीर सांगतो ते वेगळे. पण हे आता पिल्लूच सांगत होते, ज्याला सोडवायचे ते. सरांनी मुखवट्याच्या डोळ्यांतून झरोक्याकडे पाहिले, कोपऱ्यातल्या सरदाराकडे पाहिले, मग विंगेकडे. पोरांना वाटले, बोका विचार करतोय. मावशीने मात्र ओळखले. सरांना सगळे समजले होते.

आता सर काय करतील? भांडे बाजूला ठेवून काहीतरी थाप मारतील, पुढचे वाक्य म्हणतील, कसेबसे निभावून नेतील, असे बाईंना वाटले. सरांनी यातले काहीच केले नाही. त्यांनी भांडे हळूच खाली ठेवले, त्याच्याशेजारी स्वतः मांडी घालून बसले, आणि पोरांना विचारले, "सकाळपासून बाहेर राहिलेलं दूध. चांगलं आहे की नाही, मला कळत नाही. तुम्हाला कसं कळतं?"

मग अंधारात एक हात वर झाला. मग दुसरा. मग इतके हात वर झाले की मागे बसलेल्या आईबापांना स्टेज दिसेना.

"वास घ्यायचा," एक जण म्हणाला.

"बरोबर. आणखी?"

"माझी आजी बोट बुडवून बघते."

"आणि मग?"

"मग ओरडते."

"कोणावर?"

"बाबांवर. तेच विसरतात आत ठेवायला."

मागे एक पुरुष खुर्चीत खाली सरकला.

"मांजराला देऊन बघायचं," एक मुलगी म्हणाली.

"मांजर मीच आहे," सर म्हणाले.

"मग त्या उंदराला पाजा आधी." ही सूचना सगळ्यांनाच पसंत पडली. "उंदराला, उंदराला," असा पुकारा झाला. कोपऱ्यातला डॉक्टर उठून उभा राहिला.

सरांनी पंजा वर केला आणि गलका थांबला. "उंदीर दुष्ट आहे, हे खरं. पण जे प्यायला मी घाबरतो ते मी त्याला पाजू का?"

पोरांनी बराच विचार केला. उत्तर माहीत होते, पण द्यायची इच्छा होत नव्हती. शेवटी पहिल्या रांगेतून एक बारीक, नाराज आवाज आला. "नाही."

"शाबास. अवघड उत्तर होतं."

मावशी विंगेला टेकून पाहत होती. तिने सरांचे किती प्रयोग पाहिले होते, पण सरांना वर्गात शिकवताना पाहिले नव्हते. ते आज दिसले. एकाही उत्तराला ते हसले नाहीत. कोणी म्हणाले, दूध भिंतीवर टाकून बघा, तर त्यांनी विचारले, "टाकल्यावर काय बघायचं?" आणि त्या मुलाला खरेच उत्तर सापडले. नासलेले असेल तर खाली येताना दाणे दिसतील, तो म्हणाला. सरांनी भांडे तिरपे करून काचेवरून ओघळणारे दूध दिव्यासमोर धरले. सगळे थिएटर त्या ओघळाकडे पाहू लागले. दाणे दिसल्यासारखे वाटत होते. नसल्यासारखेही वाटत होते.

मग त्यांनी दोन मुलांना वास घ्यायला वर बोलावले. चष्म्याच्या मुलीने डोळे मिटून हुंगले. "चांगलं आहे," ती म्हणाली. पुढचे दात पडलेल्या मुलाने हुंगले आणि नाक मुरडले. "माझ्या डब्यासारखा येतोय. शनिवारी विसरलेल्या."

"दोघांची नाकं चांगली," सर म्हणाले. "दोघंही खरं बोलतायत. आणि उत्तरं दोन. आता मी काय करू?"

थिएटर दोन्ही बाजूंनी ओरडू लागले. तेवढ्यात दोन वेण्या घातलेली एक छोटी खुर्चीवर उभी राहिली. तिची आई तिला खाली ओढत होती, तरी ती उभीच राहिली. "कळत नाही ना? मग नाही प्यायचं," ती म्हणाली. जणू हे तिला केव्हाचे माहीत होते आणि बाकीच्यांसाठी ती थांबली होती.

सर तिच्याकडे पाहतच राहिले. मग त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. बोक्याचा मुखवटा पुढे झुकला आणि मिशा जमिनीला लागल्या.

"ठरलं," ते म्हणाले. "नाही पिणार."

मावशीने डोळ्यांना पदर लावला. शेजारी दिग्दर्शकबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांचेही खरे होते. बोका दूध पिणार नाही, म्हणजे त्याला ताकद येणार नाही. ताकद नाही तर दार उघडणार नाही. दार उघडले नाही तर पिल्लू सुटणार नाही, आणि पिल्लू सुटले नाही तर पडदा कशावर पाडायचा?

पोरांच्याही ते ध्यानात आले. "पण पिल्लू?" कोणीतरी विचारले.

सर उठले, दाराला खांदा लावला, जोर केला, आणि दम लागून खाली बसले. "नाही रे उघडत."

"आम्ही येतो," दात पडलेला मुलगा म्हणाला. तो आधीच स्टेजवर होता.

दिग्दर्शकबाई दोन पावले पुढे झाल्या. "अहो सर, नको. ते दार नुसतं..." पण त्यांचे ऐकणार कोण? पहिली रांग उठली होती, दुसरी तिच्यामागे, आणि तिसरी खुर्च्यांवरून. बघता बघता स्टेज पोरांनी भरून गेले. जड म्हणून जे दार इतके दिवस मिरवत होते, ते म्हणजे हलक्या चौकटीवर ताणलेले कापड. एका बोटाने उघडायचे. आणि त्याला आता अर्ध्या थिएटरने खांदा लावला होता.

"एक, दोन..." सर म्हणाले. तीन म्हणायची वेळच आली नाही.

दार गेले. दाराबरोबर भिंत गेली, भिंतीवरचे रंगवलेले फडताळ गेले, त्यातल्या रंगवलेल्या बरण्या गेल्या. सगळे कोठीघर एखादे पांघरूण दोरीवरून घसरावे तसे सावकाश मागे झुकले आणि आडवे झाले. पिल्लू वेळीच स्टूल घेऊन बाजूला झाले होते. कोणाला खरचटलेसुद्धा नाही.

धूळ बसली. कोठीघर होते त्याच्या पलीकडे, मागच्या खोलीच्या उघड्या दारात, भगभगीत दिव्यांच्या उजेडात, कपडेपटवाले काका उकिडवे बसलेले दिसले. समोर पालथी इस्त्री. तिच्या दोन्ही अंगांना उंदरांची जाकिटे. हातात धुऊन पुसून लख्ख केलेला चमचा. मागे, चमचा आलेला पाहून विंगेतून धावत आलेली मावशी, पातेले धरून.

मावशीला वाटले, धरणीने पोटात घ्यावे.

"हे कोण?" दोन वेण्यांच्या मुलीने विचारले.

"दूध तपासणारे," सर म्हणाले. आणि हे शब्दशः खरे होते. मग त्यांनी काकांना विचारले, "काय म्हणतंय?"

काकांनी आयुष्यात कधी स्टेजवर तोंड उघडले नव्हते. त्यांना समोरचे थिएटर दिसतच नव्हते. त्यांची नजर चमच्यावर होती. "थांबा," ते म्हणाले. "आत्ता तापायला लागलंय."

स्टेजवरची पोरे त्यांच्याभोवती गोल करून वाकली. "लांबून बघा रे, इस्त्री तापलीय," काका म्हणाले, आणि गोल एक पाऊल मागे सरकला. खाली थिएटरात लोक उभे राहिले. इतकी शांतता त्या नाटकाला कधी लाभली नव्हती, गाण्यालाही नाही. चमच्यातले दूध कडेने थरथरले. मधोमध एक बुडबुडा आला. आणि मग ते फाटले. स्वच्छ चमच्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पांढरे दाणे एका बाजूला आणि फिकट पाणी एका बाजूला.

काकांनी चमचा वर धरला. "नासलं," ते म्हणाले.

टाळ्या अशा पडल्या की बाहेर चहावाला आत डोकावून गेला. दात पडलेला मुलगा चष्म्याच्या मुलीला सांगत होता, "मी म्हटलं होतं की नाही?" आणि ती म्हणत होती, "मी घेतला तेव्हा चांगलंच होतं." सरांनी हात पुढे केला, पिल्लू पळत येऊन त्यांना बिलगले, आणि बाईंनी संधी साधून पडदा पाडला. काही पोरे पडद्याच्या आतल्या बाजूला राहिली, ती मग एकेक करून पोचवावी लागली.

मेकअप उतरल्यावर मावशी सरांसमोर उभी राहिली. "चूक माझी, सर. ओतायच्या आधी फ्रिजकडे बघायला हवं होतं मी."

"प्लग मी काढला," काका मागून म्हणाले.

"वास मीपण घेतला आणि चांगलं म्हटलं," बाई म्हणाल्या.

सर मिशीचा डिंक पुसत होते. "त्या वेण्यांच्या मुलीला ऐकलंत का तुम्ही?" ते म्हणाले. "कळत नाही, मग नाही प्यायचं. केवढीशी आहे ती." बाकी कशाविषयी ते बोललेच नाहीत.

मावशीला वाटले होते, आता बाई आपल्याला घरी बसवणार. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला तेव्हा तिने मनाची तयारी करूनच तो घेतला.

"मावशी, पुढच्या प्रयोगाचं दूध आहे ना," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा ओशाळला होता. "ते बाहेरच ठेव."

झाले होते असे की पाहून गेलेल्या पोरांनी शाळेत जाऊन सांगितले होते, आणि आता न पाहिलेल्या पोरांना तेच नाटक हवे होते. इस्त्रीवाले. पालक फोन करून विचारत होते की दूध तपासणारे आजोबा पुढच्याही प्रयोगाला आहेत ना. काकांनी स्वतःसाठी एक कोट निवडला आणि त्याला दोनदा इस्त्री केली. दाराला आणि भिंतीला मागून गाद्या आल्या. सगळ्यांची सोय झाली, मावशीची सोडून.

कारण सरांची अट होती. दूध खरोखरच संशयाचे हवे. लिंबू पिळून आणायचे नाही. आधीच ठरवून नासवलेले नको, आणि मुद्दाम ताजेही नको. चमचा काय सांगेल ते स्टेजवरच्या कोणालाही आधी माहीत असता कामा नये. फाटले तर पोरांनी दार ढकलायचे. नाही फाटले, तर बोक्याने मुकाट्याने प्यायचे आणि दार एकट्याने उघडायचे.

दूध नासू न देणे कोणालाही जमते, आणि नासवणे तर आपोआप होते. पण त्याला त्या दोहोंच्या मध्ये, नेमक्या उंबरठ्यावर आणून उभे करायचे, ही मावशीची विद्या. तिने ती महिनोन्महिने घालवून कमावली. उन्हाळ्यात ती पातेले ओल्या फडक्यात गुंडाळून सावली शोधत हिंडायची. थंडीत तेच पातेले मांडीवर घेऊन उन्हात बसायची आणि ऊन सरकले की आपणही सरकायची. जाणारे येणारे विचारत, "मावशी, आज कसं आहे?" आणि ती हुंगून म्हणे, "अजून ठरत नाहीये," आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरे. सर तिला म्हणायचे, "तुझ्यासारखं दूध कोणाला जमत नाही." ही स्तुती दुसऱ्या कुठल्या बाईला आवडली नसती.

आणि मग एकदा एका नव्या थिएटरात प्रयोग लागला. मावशीने आदल्या संध्याकाळपासून दूध फार निगुतीने वाढवत आणले होते. पातेले मागच्या खोलीत टेबलावर ठेवून ती सामान लावायला स्टेजवर गेली. परत आली तर टेबल रिकामे. दारात थिएटरचे व्यवस्थापक उभे होते. पांढरा सदरा, हसतमुख, अगदी कर्तव्यदक्ष गृहस्थ.

"बाई, तुमचं दूध बाहेर राहिलं होतं," ते म्हणाले. "मी हुंगलं, तर मला शंका आली. ओतून टाकलं. आमच्या घरून ताजं मागवून फ्रिजमध्ये ठेवलंय. लहान मुलांचा कार्यक्रम, म्हटलं उगाच धोका नको."

मावशीने त्यांच्याकडे पाहिले. रागवायला काही जागाच नव्हती. "फार उपकार झाले," ती म्हणाली आणि ते ताजे दूध काचेच्या भांड्यात ओतू लागली. तिसरी घंटा झाली.

त्या दिवशी वास घ्यायला वर आलेली दोन्ही मुले एकाच सुरात म्हणाली, चांगले आहे. काकांचा चमचा उकळला, फेसाळला, आणि गुळगुळीत पांढरा राहिला. काकांनी तो बराच वेळ धरून ठेवला, तरी काही होईना. सरांनी भांडे उचलले आणि गारेगार दूध शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. मग एकट्याने दार उघडून पिल्लू सोडवले. पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण त्यांच्या खांद्यांना दार ढकलायला मिळाले नव्हते, हे त्या टाळ्यांवरून कळत होते.

बाहेर पडताना एक मुलगी आईचे बोट धरून मावशीसमोरून गेली. रांगेत उभ्या असलेल्या, पुढच्या प्रयोगाला आलेल्या मैत्रिणीने तिला विचारले, "कसं होतं गं?"

मुलीने आधी मान हलवली. मग मोठी माणसे दुःखाच्या घरी जाऊन येतात आणि हलक्या आवाजात सांगतात, तशी ती म्हणाली, "दूध चांगलं निघालं."